स्लो आहे ना?

करी रोड स्टेशनात फक्त स्लो गाड्या थांबतात. फास्ट गाडी बाजूच्या रुळावरून धूळ उडवत निघून जाते. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीसुद्धा एक पाय डब्यात आणि एक फलाटावर ठेवून, दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘स्लो आहे ना?’ असं विचारणारा प्रत्येक गाडीला एक तरी असतोच. आणि दारातला माणूस, ज्याने मस्जिदला चढताना हाच प्रश्न दुसऱ्या कुणाला तरी विचारलेला असतो, तो अगदी जबाबदारीने ‘स्लो, स्लो, चढा’ म्हणून सांगतो. दोघांच्या डोक्यावर इंडिकेटर असतो. त्यावर गाडी कुठली, किती वाजताची, किती डब्यांची हे सगळं असतं. पण इंडिकेटर पडला रेल्वेचा. त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार?

माझं म्हणणं असं की, करी रोडच्या माणसाची परदेशात जी काही फजिती होते ती मुख्यतः या सवयीमुळे. बाकी सगळ्या बाबतीत तो जगात कुठेही जायला तयार असतो. गर्दीला तो घाबरत नाही, जिन्यांनी दमत नाही, दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांनी कसं झोपायचं याचं शिक्षण त्याला लहानपणीच मिळालेलं असतं. पॅरिसच्या हॉटेलातली खोली पाहून नागपूरकर हादरतो. आमचा माणूस ‘ऐसपैस आहे की’ म्हणतो आणि बॅग पलंगाखाली सरकवतो. फक्त तिकडे दारात उभा असलेला माणूस नसतो. सगळं भिंतीवर, खांबावर, रस्त्यावर लिहून ठेवलेलं असतं, आणि वाचायचं काम आपण दहावीच्या पेपरानंतर कायमचं थांबवलेलं असतं.

हल्ली आमच्या भागातून परदेशी जाण्याचं कुणाला फारसं नवल राहिलेलं नाही. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, चाळी पुनर्विकासाला गेल्या, मुलं आयटीत लागली आणि भिशीच्या बायका अष्टविनायक सोडून पटायाचं ठरवू लागल्या. १९८४ साली केसरीभाऊ पाटलांनी सुरू केलेली केसरी टूर्स, २०१३ साली वीणा पाटलांनी काढलेली वीणा वर्ल्ड आणि अशाच इतर कंपन्यांनी मराठी माणसाला आल्प्सच्या पायथ्याशी नेऊन वरण-भात वाढला. याला समाजकार्यच म्हटलं पाहिजे. पण टूरमधून जाणाऱ्यांसाठी हा लेख नाही. त्यांना टूर मॅनेजर नावाचा दारातला माणूस पैसे मोजून मिळालेला असतो. तो छत्री उंच धरून पुढे चालतो आणि मागून चाळीस माणसं त्याला संडास कुठे, जेवण कधी आणि इथून आपली बस दिसते का, हे विचारत चालतात. खरी कसोटी एकट्यादुकट्याने निघणाऱ्याची. म्युनिकला नोकरी लागलेल्या मुलाकडे निघालेले आई-वडील, लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून पोरांनी तिकिटं काढून दिलेलं जोडपं, कंपनीने आठवडाभरासाठी पाठवलेला अकाउंटंट.

अशा माणसाला सल्ला द्यायला अख्खी चाळ जमते. चाळीत एकदाच बँकॉकला जाऊन आलेले एक काका असतात. ते जगाचे जाणकार. लंडनला निघालेल्याला ते बँकॉकचं सांगतात, टोरांटोला निघालेल्यालाही बँकॉकचंच. त्यांचं सगळं बोलणं गाळून घेतलं तर खाली ‘खायला घेऊन जा’ एवढंच उरतं. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्यांची बहीण न्यू जर्सीला असते, त्या ‘तिकडे थंडी फार’ म्हणतात आणि आपला स्वेटर देतात. तो न विसरता परत आणायची जबाबदारी प्रवाशावर. त्या स्वेटरने आजवर चार खंड पाहिलेत. काकूंनी माथेरान पाहिलंय.

तेव्हा पहिली तयारी होते ती खाण्याची. लालबागच्या चिवडा गल्लीतून चिवडा येतो. मग येतो मसाला. हा साधा मसाला नव्हे. एप्रिल-मेच्या उन्हात लालबागच्या मिरची बाजारात उभं राहून बेडगी, संकेश्वरी, काश्मिरी अशी मिरची बोटांनी दाबून, वास घेऊन, भाव पाडून घेतलेली असते. ती वाळवून, देठं काढून, बाकीचा मसाला भाजून सगळं डंकावर जातं. आपल्या मिरच्या दुसरीच्या पातेल्यात जाऊ नयेत म्हणून मावशी डंकासमोर स्टुलावर ठाण मांडून बसते. नाकाला पदर, डोळ्यांतून धारा, पण नजर हलत नाही. असा वर्षभराचा मसाला, त्यातला अर्धा किलो, लेकासाठी बॅगेत भरला जातो.

आता वाचायचं काम इथून सुरू होतं. या मसाल्यात खसखस असते. दुबईच्या कस्टमच्या लेखी खसखस म्हणजे अफूचं बी, आणि ते बंदीच्या मालात मोडतं. ‘कोंबडीला लागतो हो’ हा खुलासा अरबीत कसा करायचा हे बँकॉकच्या काकांनी सांगितलेलं नसतं. सुक्या खोबऱ्याची वाटी ही दुसरी पंचाईत. त्यात तेल इतकं असतं की ते गरम होऊन पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही. ज्या वस्तूने आपण देवाची ओटी भरतो ती स्फोटकांच्या शेजारी यादीत छापलेली पाहून आजींना धक्का बसतो, पण यादी खरी आहे. लोणचं हातातल्या पिशवीत नेऊ नका, ते खालच्या सामानात टाका. पॉवर बँकेचं नेमकं उलटं, ती हातातल्या पिशवीतच ठेवायची. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर फॉर्मवर ‘खाण्याचे पदार्थ आहेत का’ या प्रश्नापुढे बेधडक ‘हो’ लिहा. अधिकारी बघेल, हुंगेल, राहू द्यायचं तर देईल, नाहीतर टाकून देईल. ‘नाही’ लिहिलंत आणि बॅगेत बेसनाचे लाडू सापडले, तर जो दंड बसेल त्यात लालबागचं अख्खं मिठाईचं दुकान रिकामं करता आलं असतं.

वजनाचा प्रश्न चाळ आपल्या पद्धतीने सोडवते. तिकिटावर २३ किलो छापलेलं असतं, आणि बॅग कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याच्या काट्यावर चढते. रद्दीवाला आकडा सांगतो आणि सवयीने भावही सांगतो. सत्तावीस भरली की चिवडा निघतो, लाडू निघतात, शेवटी मुलाने मुद्दाम मागितलेली पुस्तकं निघतात. मसाला निघत नाही. मग बॅग ओळखू यावी म्हणून तिच्या मुठीला लाल रिबीन बांधली जाते. ही युक्ती प्रत्येक मराठी घरात स्वतंत्रपणे सुचलेली असल्यामुळे फ्रँकफर्टच्या पट्ट्यावर एका मागोमाग नऊ लाल रिबिनी येतात. बॅगेच्या आत, कपड्यांच्या वर, नाव-पत्ता-फोन लिहिलेला कागद ठेवा. रिबिनीपेक्षा तो उपयोगी.

सामानाचा विषय निघालाय, तर आमच्या भागातल्या सर्वांत मोठ्या परदेशी प्रवाशाची आठवण ओघाने येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहायचे, दामोदर हॉलच्या जवळ. १९१३ साली ते शिकायला न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली लंडनहून परत येताना त्यांनी आपली पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती. पहिलं महायुद्ध चालू होतं. ती बोट पाणतीराने बुडवली आणि पै-पै जोडून घेतलेली पुस्तकं समुद्रात गेली. थॉमस कुक कंपनीकडून नुकसानभरपाई मिळाली, पुस्तकं ती पुस्तकंच. म्हणून जी गोष्ट गेली तर पैशांनी परत येणार नाही ती हातातल्या पिशवीत ठेवा: औषधं, चष्मा, कागदपत्रं, आजींचा दाताचा सेट. बाकीच्याचा विमा काढा. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी तर निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा दाखवल्याशिवाय अर्जच पुढे सरकत नाही. विम्याच्या कागदावरचा फोन नंबर हा त्यातला खरा उपयोगी भाग. तो आजारी पडण्याआधी वाचायचा.

विमानतळावर आमच्या माणसाला दुसरी एक सवय नडते. गर्दीच्या मागे जायची. दादरच्या पुलावर ही सवय कामाची आहे, कारण गर्दी जिकडे जाते तिकडेच आपल्यालाही जायचं असतं, आणि नसलं तरी जावं लागतं. पण दुबईला किंवा फ्रँकफर्टला विमानातून उतरलेली गर्दी पुढचं विमान पकडायला धावत असते. तिच्या मागे निष्ठेने गेलेलं जोडपं अर्ध्या तासाने ब्राझीलच्या गेटवर उभं असतं. बाहेर पडायचं असेल तर बॅगेचं चित्र असलेल्या पाटीमागे जा, दुसरं विमान धरायचं असेल तर ‘ट्रान्स्फर’ लिहिलेल्या. गेटचा नंबर बदलू शकतो. बदलला तर तो स्क्रीनवर दिसतो, माइकवर तुमचं नाव कुणी पुकारेलच असं नाही. बोर्डिंग पासवर नाव बघून घाबरू नका. पासपोर्टवर आपल्या नावाला वडिलांचं नाव जोडलेलं असतं, त्यामुळे पासवर ‘सुरेशपांडुरंग’ असा एक समास छापून येतो आणि त्यालाच पुढे ‘मिस्टर’ चिकटतं. तो तुम्हीच आहात. तिकीट काढताना मात्र पासपोर्टवर आहे तस्संच नाव घाला. चाळीत सगळे ‘बाळा’ म्हणतात, हे विमान कंपनी ऐकून घेत नाही.

यानंतर येतो इमिग्रेशनचा साहेब. तो काचेमागून विचारतो, ‘आलात कशासाठी?’ उत्तर एका शब्दाचं आहे. फिरायला. किंवा मुलाकडे. पण आमच्याकडे प्रश्न विचारला की माहिती द्यायची पद्धत आहे.

‘म्हणजे त्याचं काय झालं साहेब, आमचा धाकटा इथे कामाला असतो...’

साहेबाने मान वर केली.

‘कामाला मी नाही, तो. मी मफतलालमध्ये होतो, पण ते ब्याऐंशीच्या संपाच्या आधी. आता काम नाही. म्हणजे पेन्शन नाही, पण मुलगा बघतो...’

एवढ्यात साहेबाच्या डोक्यात ‘काम’, ‘पैसे नाहीत’ आणि ‘संप’ असे तीन धोक्याचे शब्द पडलेले असतात. त्याला फक्त चार गोष्टी हव्या असतात: का आलात, कुठे राहणार, किती दिवस, परतीचं तिकीट आहे का. ज्या घरी किंवा हॉटेलात राहणार त्याचा पत्ता आणि फोन एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मोबाइलमध्ये असतो हो, पण मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच रांगेत मान टाकते. काही देशांत आता आगमनाचा फॉर्म घरूनच ऑनलाइन भरायचा असतो. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड तसंच आहे, आणि थायलंडनेही १ मे २०२५ पासून ते सुरू केलं. दोन्ही फुकट आहेत. त्याचे पैसे मागणारी वेबसाइट दिसली, की तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात असं समजा. बँकॉकच्या काकांना हा फॉर्म माहीत नाही. ते गेले तेव्हा विमानात कागद वाटायचे आणि सगळ्या विमानात मिळून एक पेन असायचं.

आता गाड्या. इथे करी रोडच्या माणसाला खरं तर सुवर्णपदक मिळायला हवं, आणि मिळतंही, फक्त सुरुवातीचे दोन दिवस सोडून.

पहिला दिवस दारातच जातो. आमच्या लोकलचं दार हे भिंतीतलं एक भोक आहे; एसी लोकल सोडली तर ते कधी लागत नाही. युरोपात बऱ्याच गाड्यांचं दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. पॅरिसच्या मेट्रोच्या काही जुन्या डब्यांना तर अजून खटका आहे, तो उचलावा लागतो. आमचा माणूस दारासमोर छाती पुढे काढून, बॅग पोटाशी धरून, चढण्याच्या पूर्ण तयारीत उभा राहतो. गाडी येते, थांबते, दार बंदच असतं, गाडी निघून जाते. आतले लोक काचेतून त्याच्याकडे बघत जातात. बटण दारावरच असतं, बहुतेक वेळा त्याच्याभोवती दिवा लागलेला असतो.

दुसरा दिवस तिकिटाचा. जर्मनीत बहुतेक स्टेशनांत फाटक नसतं, कुणी अडवत नाही, सरळ फलाटावर जाता येतं. हे बघून पहिल्यांदा गेलेला माणूस म्हणतो, ‘इथे तिकीट लागत नाही वाटतं!’ हे करी रोडच्या माणसाने म्हणावं याचं मला नवल वाटतं, कारण करी रोडलाही फाटक नाही. आणि तिथेही टीसी नेमका तिकीट नसलेल्या दिवशी, पुलाच्या पायथ्याशी, खांबाआडून निघतो. तिकडचा टीसी तर साध्या कपड्यांत, शेजारच्या बाकावर पेपर वाचत बसलेला असतो. इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट नुसतं काढून भागत नाही. फलाटावरच्या मशिनीत घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते, नाहीतर खिशात तिकीट असूनही दंड. ज्यांनी आपल्याकडे कूपनं पंच करून प्रवास केलाय, त्यांना हे सांगायला नको. लंडनला आत जाताना कार्ड टेकवायचं आणि बाहेर पडतानाही टेकवायचं. बाहेर पडताना विसरलात तर मशीन असं धरून चालते की तुम्ही लांबात लांब जाऊन आलात, आणि तेवढे पैसे कापते. बसला मात्र चढतानाच टेकवायचं.

तिसऱ्या दिवसापासून तो राजा. लेडीज डबा कुठे येतो, पंधरा डब्यांची गाडी असेल तर कुठे उभं राहायचं, हे ज्याला झोपेत कळतं, त्याला जर्मन फलाटावरच्या ए, बी, सी, डी अशा खुणा लगेच उमगतात. आपला डबा कुठल्या अक्षरासमोर लागणार ते बोर्डावर लिहिलेलं असतं. तेही वाचा, कारण तिकडच्या काही गाड्या वाटेत तुटतात. पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. नवरा संडासला पुढच्या डब्यात गेला आणि बायको मागच्या डब्यात राहिली, तर दोघं संध्याकाळी वेगवेगळ्या शहरांत जेवतील. आणि जर्मन गाड्या घड्याळावर चालतात ही आपली समजूत त्यांनीच मोडून काढली आहे. २०२४ साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या शंभर गाड्यांपैकी जेमतेम बासष्ट वेळेवर पोहोचल्या, त्यातही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर मानत नाहीत. हे ऐकल्यापासून मध्य रेल्वेबद्दल माझं मत थोडं निवळलं आहे. दोन गाड्यांमध्ये आठ मिनिटांचं अंतर असेल तर ती दुसरी गाडी तुमची नाही असं धरून चाला आणि नंतरची बघून ठेवा.

टोकियोला आणखी एक वेगळीच भानगड असते. आपल्याकडे, एल्फिन्स्टनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर, २०१८ साली, लष्कराने करी रोडला पादचारी पूल बांधून दिला. तोवर इथे ‘स्टेशनाबाहेर भेटू’ म्हटलं की माणूस भेटायचाच, दुसरीकडे जाणार कुठे? टोकियोच्या शिंजुकू स्टेशनाला दोनशेहून जास्त दारं आहेत. तिथे ‘बाहेर भेटू’ असं ठरवलेले दोन मित्र एकमेकांना थेट मुंबईला भेटतात. दाराचा नंबर ठरवा, आणि तो लिहून घ्या.

सरकत्या जिन्यावर कुठे उभं राहायचं हाही अभ्यासाचा विषय आहे. लंडनला उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांची. टोकियोला डावीकडे उभं राहायचं. आणि त्याच जपानात ओसाकाला परत उजवीकडे. पुढचा माणूस जिथे उभा आहे त्याच्या मागे उभे राहा, म्हणजे प्रश्न मिटला. गर्दीच्या मागे जाण्याच्या आपल्या सवयीला इथे तेवढी मुभा आहे. रस्ता ओलांडताना मात्र ती सवय नको, कारण तिथे गर्दीच नसते. झेब्रा क्रॉसिंगवर तुम्ही पाय ठेवला की गाडी थांबते. खरोखर थांबते. आमच्या माणसाला हे सहन होत नाही. तो ड्रायव्हरला ‘जा, जा तुम्ही’ असा हात करतो. ड्रायव्हर याला ‘या’ असा हात करतो. लालबागच्या उड्डाणपुलाखाली दोन गाड्यांच्या फटीतून अंग चोरत पलीकडे जाणारा हा माणूस झुरिकच्या रिकाम्या रस्त्यावर, थांबलेल्या एकुलत्या एका गाडीसमोर संकोचून उभा राहतो. जा हो. तो तुमच्यासाठीच थांबलाय. लंडनच्या रस्त्यावर तर कुठे बघायचं हेही पांढऱ्या अक्षरांत लिहून ठेवलेलं आहे.

पाण्याबद्दल थोडं, कारण या विषयावर सभ्य माणसं गप्प बसतात. तिकडे संडासात कागद असतो, पाणी नसतं. चाळीच्या गॅलरीच्या टोकाला असलेल्या संडासाकडे डबा घेऊन चालत गेलेल्या पिढीला यावर काही शिकवायची गरज नाही. डब्याच्या जागी अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, बास. युरोपात हमरस्त्यावर आणि स्टेशनात संडासला पैसे पडतात, म्हणून खिशात सुटी नाणी हवीत. प्यायचं पाणी मात्र फुकट मिळू शकतं. झुरिक शहरात बाराशेहून जास्त कारंजी आहेत आणि जिथे वेगळी पाटी नसेल तिथलं पाणी खुशाल प्या. हॉटेलात ‘पाणी’ म्हटलं की बाटली येते आणि बिलात ती जेवणाच्या शेजारी बसते. नळाचं मागा. पॅरिसमध्ये जेवताना नळाचं पाणी मागितलं तर एक जग भरून देतात.

पैशांचं काय ते उरकतो. कार्ड मशीन तुम्हाला प्रेमाने विचारते, ‘रुपयांत देणार का?’ आपल्या रुपयाचं नाव परदेशात वाचून ऊर भरून येतो, पण ‘नाही’ म्हणा. तिथल्या चलनातच द्या, रुपयांत दिलेत तर भाव त्या मशीनवाल्याचा लागतो. मुंबईचं सिम बंद करून नवं घेतलंत, तर बँकेचा ओटीपी मुंबईच्या नंबरावर येऊन बसतो. रोमिंग चालू ठेवा. २०२४ पासून आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालतं, याचा अभिमान जरूर बाळगा. पण खाली क्रेपवाल्याकडे क्यूआर कोड शोधू नका. आणि मुलासाठी इथून मिक्सर नेणार असाल तर अमेरिकेला नेऊ नका. आपली वीज २३० व्होल्टची, त्यांची १२०. तो मिक्सर तिकडे चटणीकडे नुसता बघत बसेल.

एवढं सगळं वाचूनही विचारायची वेळ येतेच. आणि विचारण्यात कमीपणा आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. फक्त तिकडे त्याची रीत वेगळी आहे. आपण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला ‘ओ काका, हे इकडे कुठे?’ म्हणून थेट मुद्द्याला येतो, आणि काकाही चालता चालता हात दाखवतात. फ्रान्समध्ये आधी ‘बोंजूर’. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, पत्ता विचारताना आधी ते. न म्हणता प्रश्न विचारलात तर समोरचा माणूस बहिरा होतो. म्हटलंत तर त्याला इंग्रजी येऊ लागतं. जपानमध्ये उलट संकट. पत्ता विचारलात तर माणूस आपलं काम सोडून तुम्हाला तिथवर पोचवायला निघतो, आणि मग त्याची गाडी चुकली असेल या विचाराने आपलं फिरण्यात लक्ष लागत नाही. करी रोडला असा त्रास कुणी कुणाला देत नाही.

वाचून शिकण्यात आपल्या लोकांचा हात धरणारं कुणी नाही, याचा मोठा दाखला आपल्याच गिरणगावात आहे. वाटेगावहून पायी मुंबईला आलेले, गिरणीत काम केलेले अण्णाभाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत वाचत ते साक्षर झाले, असं सांगतात. १९६१ साली ते रशियाला गेले, आणि परत येऊन त्या प्रवासावर पुस्तक लिहिलं. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पाट्या वाचणारा माणूस कुठवर जातो ते यावरून बघा, आणि पुढच्या वेळी इंडिकेटरकडे एकदा तरी नजर टाका.

या सगळ्याच्या आधी एक काम आहे, ते आजच करा. पासपोर्ट काढून त्याची मुदत बघा. सिंगापूर, दुबईसारख्या ठिकाणी निघताना तो पुढे निदान सहा महिने चालणारा लागतो, आणि हे बहुतेकांना तिकीट काढल्यानंतर कळतं. पासपोर्ट मुळात नसेलच आणि तुमची चाळ पुनर्विकासाला गेलेली असेल, तर अर्जात सध्या राहता तो पत्ता घाला. जुना घातलात तर पोलीस चौकशीला येतील तेव्हा तिथे पायलिंगचा खड्डा आणि बिल्डरचा वॉचमन सापडेल, आणि तो वॉचमन तुम्हाला ओळखत नाही. भाडेकराराची प्रत आणि बँकेचं पासबुक जवळ ठेवा. सेवा केंद्र लोअर परळलाच आहे. अपॉइंटमेंट ऑनलाइन घ्यावी लागते, आणि ३६ पानांच्या दहा वर्षांच्या पासपोर्टाला दीड हजार रुपये लागतात.